ठेवीदार की भागीदार? पैशाच्या शब्दांचा आपला कोश



जालन्यात आम्ही काही जण पैशाचे शब्द गोळा करतोय. बँकेचे, शेअर बाजाराचे, क्रिप्टोचे. कोणीही शब्द सुचवावा, कोणीही अर्थ सुधारावा, असा ऑनलाइन कोश. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की अवघड काम कोडिंगचं असेल. तसं नाही. एक तक्ता, शोधायची सोय, कोणी कधी काय बदललं याची नोंद. एवढं थोड्या दिवसांत उभं राहतं. डोकं लागतं ते अर्थ ठरवताना.

बंगळुरूची आयएमए तुम्हाला आठवत असेल. २००६ मध्ये सुरू झाली, जून २०१९ मध्ये कोसळली. हलाल गुंतवणूक म्हणून हजारो लोकांनी, बहुतेक आपल्याच समाजातल्या, तिथे पैसे दिले. दर महिन्याला जे हातात पडायचं त्याला व्याज नाही, नफा म्हणायचे. आणि कागदावर या लोकांना ठेवीदार नाही, भागीदार करून घेतलं होतं. सही करताना कोण बघतो? पण ठेवीदाराला मुद्दल परत मागता येतं आणि ठेवी घेणाऱ्यावर कायद्याची बंधनं असतात. भागीदार धंद्यात उतरलेला असतो. धंदा बुडाला की त्याचं भांडवलही गेलं. लोक समजत होते ठेव ठेवली, कागद म्हणत होता धंद्यात उतरलात.

आपल्या फिकहमध्ये मुदारबा नावाचा करार आहे. त्यात नफ्यातला वाटा आधी ठरतो, रक्कम ठरत नाही, आणि मेहनत करणाऱ्याची कसूर नसेल तर भांडवलाचा तोटा भांडवल देणाऱ्याचा. मग दर महिन्याला भरवशाने ठरावीक रक्कम देण्याचं वचन असेल, तर तिला नफा का म्हणायचं? ‘नफा’ या शब्दाच्या नोंदीत हा प्रश्नच आम्ही लिहून ठेवलाय.

दुसरं उदाहरण जवळचं. गेनबिटकॉइनचे गुन्हे पुण्यात दाखल झाले, मुख्य आरोपीला २०१८ मध्ये अटक झाली. वचन होतं महिन्याला १० टक्के, १८ महिने. कशाच्या जोरावर? तर ‘क्लाउड मायनिंग’. याचं मराठी कोणी ‘खाणकाम’ केलं, तर वाचणाऱ्याला काय कळणार? आम्ही असं लिहिलं: बिटकॉइनचा हिशेब म्हणजे एक रोजमेळ, त्याची नक्कल हजारो संगणकांवर असते, आणि प्रत्येक पानावर आधीच्या पानाची खूण असते. पुढचं पान कोण लिहिणार यासाठी संगणकांची शर्यत लागते, जिंकणाऱ्याला नवी नाणी मिळतात. ही शर्यत म्हणजे मायनिंग. शर्यतीत दर महिन्याला ठरावीक १० टक्के कोण देऊ शकेल, हे मग वाचणाराच विचारतो. जालन्यातही जानेवारी २०२३ मध्ये क्रिप्टो गुंतवणुकीवरून प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं, ते तुम्ही पेपरात वाचलंच आहे.

रोजमेळ हा शब्द मोंढ्यातल्या आडत दुकानातून आला. असे शब्द इथे भरपूर आहेत, आणि त्यातले कितीतरी अरबी-फारसीतून मराठीत मुरलेले: जमा, खर्च, बाकी, वसूल, रक्कम, कर्ज, जामीन, दलाल. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, त्यात अशा शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते. तरी मोंढ्यात आजही जमा-खर्चच लिहितात. सरकारच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आम्ही उघडून बघतो, उपयोगी आहेत. पण घरी अम्मीला विचारून जो शब्द कळत नाही, तो आम्ही पहिल्या ओळीत ठेवत नाही.

माझा सगळ्यात आवडता शब्द बट्टा. निजामाच्या काळात इथे हाली रुपया चालायचा, बाहेर कलदार. सात हालीला सहा कलदार असा हिशेब. नाणं बदलताना जे कापलं जायचं तो बट्टा. आज एक्स्चेंजवर नाणं घ्यायचा भाव वेगळा, विकायचा वेगळा; मधलं जे जातं त्याला आम्ही बट्टा लिहिलं. आजोबांना लगेच कळलं, नातवाला समजावावं लागलं!

प्रत्येक नोंदीच्या शेवटी एक ओळ सक्तीची आहे: पैसे बुडाले तर दाद कुठे? बचत खात्यापुढे लिहिलंय की बँक बुडाली तर एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत ठेव विमा. क्रिप्टोपुढे: असा विमा नाही. तिथेच आणखी एक गोष्ट लिहावी लागली. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. एजंट सांगतात, ‘कर लागतो म्हणजे सरकारमान्य’. कर लागतो म्हणजे फक्त कर लागतो. फसवणूक झालीच तर १९३० वर लगेच फोन करायचा; हा नंबर सगळ्या नोंदींखाली आहे.

आता अडलेला शब्द. स्टेकिंग. कोणी ‘तारण’ सुचवलं, पण तारणाला कर्ज लागतं, इथे कर्ज नाही. मला ‘अनामत’ बरोबर वाटतं. हिशेब तपासायच्या कामात भाग घ्यायचा म्हणून नाणी अडकवून ठेवायची. नियम मोडला तर त्यातली काही कापली जातात. निवडणुकीत अनामत जप्त होते ते सगळ्यांना माहीत आहे. यावर मतभेद आहेत. काही ॲप ‘स्टेकिंग’ म्हणून जे विकतात ते खरं तर तुमची नाणी उसनी घेणं असतं, त्याला अनामत म्हटलं तर आपणच त्यांची जाहिरात केल्यासारखं होईल, असं आमच्यातली एक कॉमर्सची मुलगी म्हणते. तिचा मुद्दा मला खोडता आलेला नाही. म्हणून सध्या दोन वेगळ्या नोंदी ठेवल्यात, आणि दुसरीला अजून नाव नाही.

पुढच्या बैठकीत भिशी घेणार आहोत. घरात कोणी भिशी म्हणतं, कोणी बीसी, कोणी कमिटी. तुमच्या गल्लीत ज्या खाला भिशी चालवतात, त्यांना सोबत घेऊन या. मधेच कोणी हप्ता थांबवला तर त्या काय करतात, ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचंय.