हुज्जत, तक्रार आणि आर्ग्युमेंट

सुरतेपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर, तापी जेथे समुद्राला मिळते त्या मुखाच्या काठी हजीरा आहे. आज हे नाव घेतले म्हणजे पोलादाचा कारखाना, खतांचा कारखाना, वायूचे मोठे प्रकल्प आणि नवे बंदर ही चित्रे डोळ्यांपुढे येतात. 2020 पासून येथून घोघ्यापर्यंत प्रवासी व वाहने नेणारी फेरीबोटही सुरू झाली. परंतु हजीऱ्याला लागूनच सुवाली नावाचा जो किनारा आहे, त्याचा इतिहास या सर्व धुराड्यांहून पुष्कळ जुना आहे. तापीच्या मुखाशी वाळूचे दांडे असल्यामुळे मोठी गलबते सुरतेपर्यंत जात नसत. ती सुवालीच्या आडोशाला नांगर टाकीत आणि माल लहान होड्यांतून किंवा बैलगाड्यांतून शहरात नेला जाई. इंग्रज आपल्या कागदांत या जागेला स्वाली म्हणत. 1612 साली याच पाण्यात कॅप्टन थॉमस बेस्ट याच्या जहाजांची पोर्तुगीजांशी लढाई झाली आणि त्यानंतर इंग्रजांना सुरतेत वखार घालण्याची परवानगी मिळाली.

लढाई तोफांनी होते, पण व्यापारातील भांडण शब्दांनीच करावे लागते. 1615 च्या सप्टेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुवालीला उतरला, तेव्हा पहिलाच खटका जकातीवरून उडाला. आपण राजाचे वकील आहोत, आपल्या माणसांची झडती कोणी घेऊ नये, असे त्याचे म्हणणे. बंदरात उतरणाऱ्या प्रत्येकाची झडती घेण्याची येथील चाल आहे, असे सुरतेच्या अधिकाऱ्यांचे म्हणणे. रोला फार्सी येत नव्हती. दरबारची भाषा तर फार्सी होती. त्यामुळे त्याचा प्रत्येक आक्षेप दुभाष्याच्या तोंडून, म्हणजे दुसऱ्याच्या पदरच्या शब्दांनी, मांडला जाई. पुढे 1695 साली मक्केहून परतणारे बादशाही जहाज गंज-ए-सवाई हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटले. सुरतेतील इंग्रज वखारवाल्यांना तेथील सुभेदाराने कित्येक महिने अटकेत ठेवले. तो मनुष्य आमचा नव्हे, तो चाचा आहे, हे त्यांना पुनःपुन्हा पटवून द्यावे लागले. ‘आमचा माणूस’ आणि ‘आमच्या देशाचा माणूस’ यांतला फरक परक्या भाषेत, तोही संतापलेल्या माणसापुढे सांगणे ही सोपी गोष्ट नव्हे.

सुरत हे हाजींचे बंदर. येथून जेद्दाला आणि मोखाला जहाजे जात, आणि अरब व्यापारी व खलाशी येथे येत. म्हणजे अरबी बोलणारा मनुष्य आणि इंग्रजी बोलणारा मनुष्य हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर ज्या जागी प्रथम समोरासमोर येऊन व्यवहार करू लागले, त्यांपैकी ही एक महत्त्वाची जागा होय. आजही हजीऱ्याच्या धक्क्याला लागणाऱ्या परदेशी जहाजावरचा कप्तान ईजिप्तचा किंवा सीरियाचा असू शकतो, धक्क्यावरचा हिशेबनीस खानदेशातून सुरतेला येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातला असू शकतो, आणि त्या दोघांना मालाच्या वजनावरून वाद करावयाचा झाला तर तो इंग्रजीतच करावा लागतो. दोघांचीही ती मातृभाषा नव्हे. अशा वेळी कोणता शब्द कोणत्या जागी वापरला, यावर पुष्कळ पैसे अवलंबून असतात.

अरबी भाषकाला इंग्रजीतील वादाचे शब्द शिकवावयाचे तर आरंभ कोठून करावा? मराठी माणसाजवळ याचे उत्तर घरातच आहे, कारण भांडणाचे निम्मे शब्द त्याने अरबीतूनच, फार्सीच्या मार्गाने, घेतलेले आहेत. हुज्जत, तक्रार, हरकत, दावा, कज्जा, मुद्दा, कबूल, इन्कार, खुलासा हे सारे शब्द मूळचे अरबी. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला आणि दरबारातील यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. तथापि वादाचे शब्द जनतेच्या तोंडातून हलले नाहीत. माधवराव पटवर्धनांचा 1925 सालचा फार्शी-मराठी कोश चाळला म्हणजे हे सहज ध्यानी येते. मनुष्य राज्यकारभाराची भाषा बदलू शकतो, पण भांडताना त्याच्या तोंडी जे येते ते येतेच!

मात्र येथेच एक खड्डा आहे. हे शब्द आपल्याकडे येताना वाटेत अर्थ बदलून आले. अरबीत ‘हुज्जा’ म्हणजे पुरावा, प्रमाण, बुद्धीला पटणारे कारण. मराठीत हुज्जत घालणारा मनुष्य म्हणजे कारण नसता शब्दाला शब्द वाढविणारा. एकाच शब्दाची ही दोन टोके. आता इंग्रजीतला ‘आर्ग्युमेंट’ हा शब्द पाहावा. त्याचे लॅटिन मूळ ‘स्पष्ट करणे, सिद्ध करणे’ असे आहे. न्यायालयात वकील आर्ग्युमेंट करतो ते अरबी अर्थाने, हुज्जा मांडतो. आणि शेजारणी-शेजारणींत पाण्याच्या नळावरून आर्ग्युमेंट होते ते अगदी आपल्या मराठी हुज्जतीच्या अर्थाने. म्हणजे अरबी आणि मराठी यांनी जे दोन अर्थ वाटून घेतले, ते इंग्रजीने एकाच शब्दाच्या पोटात ठेवले आहेत. अरबी विद्यार्थ्याला हे एवढे सांगितले तरी त्याची निम्मी अडचण दूर होते. ‘तुमचे आर्ग्युमेंट चांगले आहे’ हे ऐकून त्याने रागावू नये, आणि ‘आमचे आर्ग्युमेंट झाले’ हे ऐकून तेथे विद्वानांची सभा भरली होती असेही समजू नये. शब्दाबरोबर येणारी अव्यये नीट ऐकली तर घोटाळा पुष्कळसा टळतो. माणसा‘विथ’ आर्ग्यू केले तर ते बहुधा भांडण, एखाद्या गोष्टी‘फॉर’ आर्ग्यू केले तर ते प्रतिपादन.

तक्रारीची कथा याहून मौजेची आहे. अरबीत ‘तक्रार’ म्हणजे केवळ पुनरुक्ती, तेच ते पुन्हा म्हणणे. सुरतेच्या गुजराती बोलीत तकरार म्हणजे भांडण. मराठीत तक्रार म्हणजे गाऱ्हाणे. जो तेच तेच पुन्हा बोलतो तो एक तर गाऱ्हाणे सांगत असतो किंवा भांडत असतो, असे या दोन भाषांच्या बोलणाऱ्यांनी आपापल्या अनुभवावरून ठरविले असावे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 साली जहाजांसाठी प्रमाण इंग्रजी वाक्यांचा जो संग्रह स्वीकारला, त्यात या पुनरुक्तीला आपले मानाचे स्थान आहे. महत्त्वाचा आकडा ठसविण्यासाठी बोलणाऱ्याने ‘रिपीट’ म्हणून तो पुन्हा सांगावा. आणि ऐकणाऱ्याला ऐकू आले नसेल तर त्याने ‘से अगेन’ म्हणावे. अरब खलाशाला ‘रिपीट’ म्हणजे तक्रार हे लगेच समजते. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या मराठी माणसाला मात्र हे भाषांतर सांगू नये हे बरे. याच संग्रहात संदेशाचे आठ प्रकार ठरविले आहेत: सूचना, सल्ला, इशारा, माहिती, प्रश्न, उत्तर, विनंती आणि हेतू. ‘वाद’ असा नववा प्रकार त्यात नाही. समुद्रावर वाद घालण्यास सवड नसते. तो धक्क्याला लागल्यावर घालावयाचा.

आणि तो घातला जातो तो कागदावर. समजा, जहाजाच्या मोजणीप्रमाणे 12,000 टन माल उतरला आणि किनाऱ्यावरच्या मोजणीप्रमाणे 11,940 टन भरला. साठ टनांचा हा फरक कोणाच्या माथी जावा? कप्तान अशा वेळी जे पत्र देतो त्याला ‘लेटर ऑफ प्रोटेस्ट’ म्हणतात. प्रोटेस्ट हा शब्द ऐकताच आपल्या डोळ्यांपुढे मोर्चा आणि घोषणा उभ्या राहतात. अरबी माणसाचेही तसेच होते. त्याच्या भाषेत याला ‘इहतिजाज’ म्हणतात, आणि गंमत अशी की हा शब्द हुज्जतीच्याच धातूपासून झालेला आहे. परंतु लॅटिनमध्ये प्रोटेस्टचे मूळ ‘जाहीरपणे साक्ष देणे’ असे आहे, आणि बंदरातील कागदात तोच जुना अर्थ आजही जिवंत आहे. कप्तान त्या पत्राने भांडत नाही. आपल्या बाजूची मोजणी अशी आहे, एवढी साक्ष तो नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे विमेवाल्यांपुढे किंवा लवादापुढे त्याला बोलता यावे. हे ज्याला कळत नाही तो किनाऱ्यावरचा कारकून पत्र पाहून संतापतो, घेण्याचे नाकारतो, आणि जेथे नुसती नोंद व्हावयाची तेथे खरोखरीचे भांडण उभे राहते. अरबीत ‘प’ हा वर्ण नाही, त्यामुळे कप्तानाच्या तोंडी तो शब्द ‘ब्रोटेस्ट’ होऊन येतो. त्याने अर्थ बिघडत नाही. बिघडतो तो सहीच्या जागी.

त्या पत्राच्या तळाशी समोरच्या पक्षाने सही करावयाची असते. अनुभवी मनुष्य सहीवर तीन शब्द लिहितो: ‘फॉर रिसीट ओन्ली’. म्हणजे कागद पोचला, एवढेच. त्यातील मजकूर मान्य आहे असे नव्हे. मराठीत ‘पोच दिली’ आणि ‘कबूल केले’ यांत जितके अंतर आहे तितकेच अरबीत ‘इस्तिलाम’ आणि ‘कबूल’ यांत आहे. म्हणून हा भेद दोघांनाही नवा नाही. नवी आहे ती इंग्रजी शब्दांची जोडी, ‘रिसीव्ह्ड’ आणि ‘ॲक्सेप्टेड’. शाळेतील शब्दार्थांच्या वहीत दोहोंपुढे ‘घेतले’ असा एकच अर्थ लिहून ठेवलेला विद्यार्थी पुढे साठ टनांची जबाबदारी एका सहीने आपल्या मालकाच्या गळ्यात बांधू शकतो. वहीतला शब्दार्थ ही किती जोखमीची वस्तू आहे, हे मुलांना सांगावयास याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

मतभेद सौम्यपणे सांगण्याचे इंग्रजी मात्र परक्याला सर्वांत अवघड जाते, आणि येथे व्याकरणापेक्षा रीत शिकावी लागते. प्रथम व्याकरण. अरबी विद्यार्थी हमखास ‘आय ॲम ॲग्री’ असे म्हणतो, कारण त्याच्या भाषेत ‘मी मुवाफिक’ असे विशेषण वापरून संमती सांगतात. मराठी विद्यार्थीही ‘मी सहमत आहे’ याचे भाषांतर करून त्याच खड्ड्यात पडतो. इंग्रजीत ॲग्री हे क्रियापद असल्याने ‘ॲम’ तेथे नकोच. हा ‘मुवाफिक’ शब्द मराठीलाही ओळखीचा आहे; आपण त्याला घासून ‘माफक’ केले आणि अर्थही घासला. आता रीत. इंग्रज ‘आय ॲम अफ्रेड’ असे म्हणून जेव्हा नकार देतो तेव्हा तो मुळीच भ्यालेला नसतो. ‘विथ रिस्पेक्ट’ असे म्हणून वाक्याला आरंभ केला म्हणजे पुढे विरोध येणार असे समजावे. ‘यू हॅव अ पॉइंट’ म्हणजे तुमच्या म्हणण्यात मुद्दा आहे, परंतु पुष्कळदा त्या वाक्यामागून ‘बट’ येतो आणि मुद्दा बाजूला राहतो. यावर कोणी म्हणेल, हा तर ढोंगीपणा झाला. पण ‘माझी काही हरकत नाही’ असे म्हणत मनात हरकत बाळगणारे आपल्याकडे थोडे आहेत काय? शिवाय अरबीत ‘हरकत’ म्हणजे नुसती हालचाल. त्या माणसाला आपले हे वाक्य शब्दशः सांगितले तर यांच्याकडे काही हालत नाही, असा त्याचा समज व्हावयाचा. तो स्वतः अशा वेळी ‘मला मनाई नाही’ अशा अर्थाचे वाक्य वापरतो.

चर्चेला अरबीत एक सुंदर शब्द आहे, ‘मुनाकशा’. त्याचा धातू आपल्या नक्षीचाच. त्याच धातूपासून चिमट्यालाही नाव मिळाले आहे, ज्याने रुतलेला काटा काढतात. त्याच्या जवळचा ‘जदल’ हा वादविवादाचा शब्द दोरीला पीळ घालण्याच्या क्रियेवरून आला. एकात काटा काढणे आहे, दुसऱ्यात पीळ भरणे आहे. इंग्रजीतही ‘डिस्कस’ याचे मूळ ‘हलवून सुटे करणे’ आणि ‘डिबेट’ याचे मूळ ‘मारणे, ठोकणे’ असे आहे. अरबी विद्यार्थ्यापुढे या दोन जोड्या शेजारी मांडल्या तर डिस्कशन कोठे म्हणावे आणि डिबेट कोठे, हे त्याला फारशी व्याख्या न सांगता उमगते. ‘क्वॉरल’ हा शब्द गाऱ्हाण्याच्या लॅटिन शब्दावरून निघाला, म्हणजे तो आपल्या तक्रारीचा चुलतभाऊ. तो घरगुती भांडणाला ठीक, व्यापारी पत्रात लिहू नये. तेथे ‘डिस्प्यूट’ लिहावा. आणखी एक लहानसा शब्द बंदरात हमखास फसवितो. आर-ओ-डब्ल्यू या तीन अक्षरांचा उच्चार ‘रो’ केला तर होडी वल्हविणे, आणि ‘राव’ केला तर आरडाओरड्याचे भांडण. कागदावर दोन्ही एकच दिसतात.

वाद मिटविण्याचे शब्द थोडे आहेत आणि ते लवकर शिकून होतात. आपला ‘राजीनामा’ मूळचा उभय पक्ष राजी झाल्याचा कागद; जुन्या न्यायालयीन दप्तरांत तो तडजोडीच्या अर्थाने येतो, आणि हिंदीत तो अर्थ अद्याप टिकून आहे. मराठीत मात्र नोकरी सोडणाऱ्याने तो शब्द आपल्याबरोबर नेला. व्यापारी करारात यासाठी इंग्रजीत ‘ॲमिकेबल सेटलमेंट’ असे शब्द असतात. अरबी करारात त्यांच्या जागी ‘तस्विया वुद्दिया’ लिहितात. तस्विया म्हणजे सपाट करणे, समतल करणे. ते साधले नाही तर पुढचे कलम लवादाचे, ‘आर्बिट्रेशन’चे. अरबीत त्याला ‘तहकीम’ म्हणतात, आणि त्यातला ‘हुकूम’ मराठी कानाला तत्काळ ऐकू येतो. त्या कलमात लवाद कोणत्या शहरी बसेल हेही लिहिलेले असते. पुष्कळदा ते लंडन असते, म्हणून सही करण्यापूर्वी ती ओळ वाचावी.