महिना कोणता? आखाड

अतिदक्षता विभागातली परिचारिका दिवसातून अनेकदा रुग्णाच्या भाषेची परीक्षा घेते. आपल्या साहित्यचर्चेत हे कधी येत नाही.

टीझडेल आणि जेनेट यांनी १९७४ साली मांडलेली ग्लासगो कोमा मापनपद्धती पाहा. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५, हालचालीला ६, असे एकूण १५ गुण. बोलण्याचे पूर्ण गुण हवेत तर स्वतःचे नाव, ठिकाण आणि महिना सांगता आला पाहिजे. उत्तर गोंधळलेले असेल तर ४.

पण विचारायचे कोणत्या भाषेत? सुरतेत खानदेशातून आलेली माणसे पुष्कळ. समजा, कोसाडला मुलाकडे राहणाऱ्या आजीला गुजरातीतून महिना विचारला आणि ती ‘आखाड’ म्हणाली. परिचारिकेच्या मनात जुलै. आजी शुद्धीवरच आहे, गुण मात्र गेला! ‘हात वर करा’ हे कळले नाही, तर हालचालीचाही जातो. मग मेंदूतल्या रक्तस्रावाची शंका, धावपळ, स्कॅन. याच्या उलट घडते ते मला अधिक भयंकर वाटते: ‘बाईंना भाषा कळत नसेल’ म्हणून खरी गुंगीच नजरेआड होते.

भाषेचा अडसर असेल तर अंदाजाने आकडा घालू नये, ‘तपासता आले नाही’ असे लिहावे, हे त्या पद्धतीतच सांगितले आहे. पण तेवढ्यावर का थांबावे? ‘तुनं नाव काय शे?’ असे दहा-बारा अहिराणी प्रश्न गुजराती लिपीत एका कार्डावर छापता येतील. शेजारी चालणारी उत्तरेही हवीत: आखाड, दवाखाना, अमरोलीजवळ.