जबाबदारी घेणे म्हणजे काय?
(वसई येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



इंग्रजीत ‘जबाबदारी घेणे’ हा वाक्प्रचार निदान तीन अर्थांनी चालतो. काम अंगावर घेणे हा पहिला, घडल्या चुकीचा दोष माथी घेणे हा दुसरा आणि झालेले नुकसान भरून देणे हा तिसरा. मराठीने वाक्प्रचार उचलला. सत्ताधाऱ्यांनी मात्र त्यातला सोयीचा तेवढा अर्थ ठेवला. पद स्वीकारताना पहिला अर्थ, दुर्घटनेनंतर चौकशीचे आश्वासन, आणि तिसऱ्या अर्थाच्या वेळी मौन!

नोव्हेंबर १९५६ मध्ये अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी मंत्रिपद सोडले. गाडी त्यांनी चालवली नव्हती. पण खाते त्यांचे होते. हा दुसरा अर्थ झाला. तो थोर खराच, परंतु राजीनाम्याने पूल बांधला जात नाही, हेही विसरता कामा नये.

आता आपल्या तालुक्याकडे पाहा. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत मध्यरात्री कोसळली आणि सतरा माणसे दगावली. बांधकाम व्यावसायिकाला अटक झाली. पण १९६६ च्या नगररचना कायद्यातील कलम ५३ अनधिकृत बांधकाम हटविण्याचा अधिकार नियोजन प्राधिकरणाला देते. अधिकार ज्याच्या हाती, जबाबही त्यानेच द्यायला हवा. तो मागायचा कोठे? लोकनियुक्त सभागृहाची मुदत जून २०२० मध्येच संपली होती आणि दुर्घटनेच्या वेळीही महापालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती होता.

नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रकल्प व कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या जागेवर एकेचाळीस इमारती उभ्या राहिल्या. न्यायालयाच्या आदेशाने २०२४-२५ मध्ये त्या पाडल्या गेल्या. न्यायालयाचा आदेश कायद्याला धरूनच होता. तथापि इमारती एका रात्रीत उगवत नाहीत. त्या चढत असताना ज्यांनी डोळेझाक केली त्यांची घरे शाबूत राहिली. पै पै जमवून घर घेणारा कष्टकरी मात्र रस्त्यावर आला. तिसऱ्या अर्थाची जबाबदारी अखेर त्याच्याच गळ्यात पडली.

मराठी शब्दात ‘जबाब’ आहे, आणि जबाब मागितल्यावाचून मिळत नाही. म्हणून कार्यकर्त्यांनी निषेधाच्या ठरावावर थांबू नये. प्रभागातील प्रत्येक अनधिकृत इमारतीबाबत नोटीस केव्हा निघाली, पुढे कोणी काय केले, रहिवाशांच्या पर्यायी निवाऱ्याची तरतूद काय, हे माहितीच्या अधिकारात लेखी विचारावे आणि उत्तर चौकात वाचून दाखवावे. जबाब मागणारा समाज उभा राहिला, तरच जबाबदार शासन घडेल.