पंकांची पत्रे


‘पंक’ म्हटल्यावर कुणाला चिखल आठवला तर माझी तक्रार नाही. इंग्रजीतही तो शब्द शिवीवजाच आहे. पण 1976 मध्ये लंडनमध्ये त्या नावाच्या कर्कश संगीतापायी मार्क पेरी नावाच्या बँकेतल्या 19 वर्षांच्या कारकुनाने ‘स्निफिन ग्लू’ हे पत्र काढले. मजकूर लहानपणीच्या टंकयंत्रावर बडवला, मथळे जाड लेखणीने हातानेच रेखाटले, आणि प्रती काढल्या जेमतेम 50. शुद्धलेखन असे की आपल्या मास्तरांनी उठाबशा काढायला लावल्या असत्या! परवानगी मात्र त्याने कुणाचीच मागितली नाही. आपल्याकडेही 1950 च्या दशकात मुंबईत ‘शब्द’ हे अनियतकालिक असेच चक्रमुद्रित निघत होते.

वर्षभरात खप हजारांवर गेला. दुसरा कुणी असता तर त्याने कचेरी थाटली असती. पेरीने वाचकांनाच आपापली पत्रे काढायला सांगितले, आणि 1977 मध्ये 12 अंकांनंतर स्वतःचे बंद केले. तोवर पंक वाद्यवृंद बड्या कंपन्यांशी करार करून मोकळे झाले होते! पोरांची पत्रे मात्र स्कॉटलंडात, बेलफास्टमध्ये निघत होती. पुष्कळशी अल्पायुषी ठरली. मला त्याची हळहळ वाटत नाही.