न दिलेल्या ईमेलची किंमत



अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, वेस्ट पाम बीचच्या न्यायालयात, 2005 साली एक दिवाणी दावा सुनावणीला आला. वादी होती रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधन कंपनीचे तेव्हाचे मालक रोनाल्ड पेरेलमन यांची कंपनी आणि प्रतिवादी होती मॉर्गन स्टॅन्ली ही वॉल स्ट्रीटवरची मातब्बर बँक. पेरेलमन यांच्याकडे कोलमन या कंपनीचा मोठा हिस्सा होता. कोलमन म्हणजे तंबू, कंदील, सहलीचं सामान. 1998 मध्ये त्यांनी तो हिस्सा मिक्सर आणि ग्रिल बनवणाऱ्या सनबीम कंपनीला विकला आणि मोबदल्यात सनबीमचे शेअर्स घेतले. सनबीमचे नफ्याचे आकडे फुगवलेले निघाले. शेअर कोसळला आणि 2001 मध्ये कंपनीनं दिवाळं काढलं. सनबीमची सल्लागार असलेल्या मॉर्गन स्टॅन्लीला ही बनवाबनवी ठाऊक होती, असा पेरेलमन यांचा आरोप होता.

कोणाला काय ठाऊक होतं, हे बाहेरच्या माणसानं सिद्ध करायचं कसं? ते असतं समोरच्याच्या कपाटात आणि संगणकात. म्हणून वादीनं बँकेचे जुने ईमेल मागितले आणि न्यायालयानं जुन्या बॅकअप टेप शोधून ते देण्याचा आदेश दिला. जून 2004 मध्ये बँकेनं आदेशाची पूर्तता झाल्याचं लेखी कळवलं. प्रत्यक्षात ब्रुकलिनमध्ये 1,423 टेप न तपासता पडून होत्या. पुढे आणखी टेप निघत गेल्या, खुलासे बदलत गेले. न्यायाधीश एलिझाबेथ मास यांनी मार्च 2005 मध्ये बँकेला सणसणीत तडाखा दिला. बँकेचा फसवणुकीत सहभाग होता हे सिद्ध झालंच आहे, असं ज्यूरीनं धरून चालायचं, असा त्यांचा आदेश निघाला. वादीनं आता एवढंच दाखवायचं होतं, की आपण त्या माहितीवर विसंबलो आणि आपलं नुकसान झालं. खटल्यातल्या मूळ प्रश्नावर बँकेला तोंडच उरलं नाही. मे महिन्यात ज्यूरीनं 60 कोटी 40 लाख डॉलर भरपाई आणि वर 85 कोटी डॉलर दंडात्मक भरपाई ठोठावली.

2007 मध्ये अपील न्यायालयानं हा निकाल फिरवला. खरेदीच्या दिवशी त्या शेअर्सची खरी किंमत किती होती, हे वादीला नीट दाखवता आलं नव्हतं, म्हणून. बँक वाचली ती नुकसानीच्या हिशेबावर. आणि ईमेल वेळेवर न दिल्याबद्दल अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाशी 2006 मध्ये दीड कोटी डॉलरची तडजोड करावी लागली ती वेगळीच.

एवढी मोठी बँक जिथे अडकते, तिथे सामान्य माणूस कसा अडकत असेल? बहुतेक वेळा लबाडीनं नव्हे, तर कंटाळ्यानं आणि भीतीनं. अमेरिकेत दावा दाखल झाला की दोन्ही पक्ष एकमेकांना लेखी प्रश्न पाठवतात, कागद मागतात आणि ‘हे खरं आहे, कबूल करा’ अशी विधानंही पाठवतात. संघीय न्यायालयांत लेखी प्रश्न 25 पर्यंत आणि उत्तराला साधारण 30 दिवस. गुंतवणूक फसवणुकीच्या दाव्यात प्रश्न असे असतात: योजनेची माहिती प्रथम कोणी दिली, कधी दिली, तेव्हा कोण हजर होतं, कोणत्या खात्यातून पैसे गेले, याआधी कुठे कुठे गुंतवणूक केली होती. पाकीट येतं, माणूस दोन पानं वाचतो, ‘वकील बघतील’ म्हणतो आणि ते बाजूला ठेवतो. वकिलाचा फोन आला की, ‘बँकेचा उतारा मिळत नाही हो.’ इथेच घोडं पेंड खातं.

सगळ्यात घातक असतात ती कबुलीची विधानं. लेखी प्रश्नांकडे कानाडोळा केला, तर समोरच्याला सहसा न्यायालयात अर्ज करावा लागतो, आदेश मिळवावा लागतो. कबुलीच्या विधानांना त्याची गरज नसते. 30 दिवसांत उत्तर गेलं नाही की ती आपोआप कबूल धरली जातात. ‘जोखमीची पूर्ण कल्पना तुम्हाला गुंतवणुकीपूर्वी दिली होती’ असं विधान असेल आणि गुंतवणूकदार गप्प बसला, तर त्याच्या दाव्याचा कणाच मोडतो. न्यायालयाच्या परवानगीनं अशी कबुली मागे घेता येते, पण ती परवानगी मिळेलच याची खात्री नसते. ‘विसरलो’ एवढ्यानं भागेलच असं नाही.

फसवलेला तो वादी, त्याला कसलं भय, असा एक गोड गैरसमज असतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1976 मध्ये हॉकी लीगविरुद्धच्या एका खटल्यात वादीचा दावा निकालात काढला जाणं योग्य ठरवलं. कारण एवढंच, की लेखी प्रश्नांची उत्तरं द्यायला वादीनं महिनोन्‌महिने चालढकल केली होती. मग शिक्षा कायकाय होऊ शकते? समोरच्याच्या वकिलाचा खर्च भरा, अमुक पुरावा मांडता येणार नाही, अमुक मुद्दा समोरच्याच्या बाजूनं सिद्ध धरला जाईल, आणि सरतेशेवटी दावा फेटाळला जाणं किंवा प्रतिवादीविरुद्ध थेट निकाल. अर्धवट, गोलमोल उत्तर हे तिथल्या नियमात उत्तर न दिल्यासारखंच मानलं जातं.

गुंतवणूक फसवणुकीत अनेकदा फौजदारी चौकशीही चालू असते. अशा वेळी अमेरिकेतल्या दिवाणी दाव्यात प्रतिवादीला स्वतःविरुद्ध न बोलण्याचा हक्क आहे, पण तो वापरायचा तर तसं लिहून सांगावं लागतं, आणि तेही प्रश्नागणिक. नुसतं मूग गिळून बसणं म्हणजे हक्क बजावणं नव्हे. शिवाय दिवाणी खटल्यात त्या मौनाचा प्रतिकूल अर्थ काढायला मुभा असते.

हे सगळं सातासमुद्रापलीकडचं वाटत असेल, तर आपल्याकडची 1908 ची दिवाणी प्रक्रिया संहिता उघडून पाहावी. तिच्या ऑर्डर 11 मध्ये न्यायालयाच्या परवानगीनं प्रश्नावली पाठवण्याची आणि कागदपत्रं उघड करायला लावण्याची तरतूद आहे. त्याच ऑर्डरचा नियम 21 सांगतो, की आदेश पाळला नाही तर वादीचा दावा फेटाळता येतो आणि प्रतिवादीचा बचाव खोडून टाकता येतो. दावा असा फेटाळला गेला, तर त्याच कारणावर नवा दावा लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 1978 मध्ये बब्बर सोइंग मशीन कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केलं, की हे हत्यार हेतुपुरस्सर टाळाटाळ असेल तेव्हाच, शेवटचा उपाय म्हणून वापरायचं. ही सवलत खरीखुरी अडचण सांगणाऱ्यासाठी आहे. कपाट उघडायचाच आळस असलेल्याला ती लागू पडेल अशी आशा धरू नये. 2015 च्या व्यापारी न्यायालय कायद्याखालच्या दाव्यांत तर हातातले सगळे संबंधित कागद दाव्यासोबत किंवा कैफियतीसोबतच द्यावे लागतात. मागाहून सादर करायला परवानगी आणि सबळ कारण दोन्ही लागतं.

मग करायचं काय? नोटीस आली त्याच दिवशी तारीख लिहून ठेवावी आणि वकिलाला प्रत द्यावी. वेळ कमी पडणार असेल तर मुदत संपण्याआधी वाढवून मागावी, तीही लेखी. प्रश्न फारच पाल्हाळिक किंवा गैरलागू वाटला, तर हरकत घ्यावी, पण कशाला हरकत आहे आणि कोणता कागद रोखून धरला आहे, हे उघड सांगून. कागद नसेल तर ‘नाही’ असं लिहावं आणि कुठे कुठे शोधला तेही लिहावं.

आणि व्हॉट्सॲप. आजकाल गुंतवणुकीची निम्मी बोलणी तिथेच होतात. वादाचा वास येताच आपोआप पुसले जाणारे संदेश बंद करावेत, जुना फोन विकू नये, मुलांना खेळायला देऊ नये. 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली असा इलेक्ट्रॉनिक पुरावा सादर करताना प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यात ‘हॅश व्हॅल्यू’ नावाची आकडे-अक्षरांची ओळखखूण नोंदवायची असते. प्रमाणपत्राचा पहिला भाग पुरावा देणाऱ्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. तज्ज्ञ मिळायला दिवस लागतात, त्यामुळे हे काम तारखेच्या आदल्या रात्रीवर ठेवण्यासारखं मुळीच नाही.