कायद्याचे शब्द आणि आपली घरे



निजामी अमलात, १९४८ पर्यंत, आपल्या दिंद्रुडच्या भागात कोर्टाचे कामकाज उर्दूत चाले. ते राज्य गेले. 'दिवाणी', 'फौजदारी', 'महसूल' हे फारसी-अरबी वळणाचे शब्द मात्र मराठीत कायम आहेत. त्यांतील भेद जाणावा. बांधाच्या मालकीचा वाद दिवाणी, त्यापायी झालेली मारहाण फौजदारी, सातबारावरील फेरफार महसुली.

चौथा शब्द 'हक्कसोडपत्र'. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ मधील सुधारणेने वडिलार्जित मिळकतीत कन्येस पुत्राइतकाच हक्क दिला. या कागदाने ती तो सोडते. आम्ही आयुष्यभर मुलांस शब्दार्थ शिकविले. परंतु भगिनीची सही घेताना याच शब्दाचा अर्थ तिला सांगितला नाही. ती चूक आपण करू नये. आधी अर्थ सांगावा, मगच कागद पुढे करावा.