इतिहासाला रेषा देणारा चित्रकार



इतिहास आपण वाचतो असे म्हणतो. परंतु बहुतेकांच्या मनात तो प्रथम उतरतो चित्रांच्या वाटेने. अफझलखानाची भेट म्हटली की शामियाना डोळ्यांपुढे उभा राहतो. तो बखर वाचून आलेला नसतो. मासिकाच्या अथवा पुस्तकाच्या पानावर कोणा चित्रकाराने उभारलेला असतो. चित्राच्या कोपऱ्यातील त्याची सही मात्र आपण क्वचितच वाचतो. अशाच एका चित्रकाराविषयी, कै. दीनानाथ दलाल यांच्याविषयी, आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

दलालांचा जन्म १९१६ साली गोमंतकात झाला. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेची पदविका त्यांनी १९३७ साली मिळविली. याच शाळेत १९३१ पर्यंत रावबहादुर धुरंधर अध्यापक होते. त्यांचे शिवराज्याभिषेकाचे चित्र आजही सर्वांच्या परिचयाचे आहे. धुरंधरांनी मोठी तैलचित्रे काढिली, तशी ग्रंथांसाठीही काढिली. दलालांनी तर छापील पान हीच आपली भिंत मानिली. १९४५ साली त्यांनी ‘दीपावली’ हा अंक सुरू केला आणि १९७१ साली, वयाची पंचावन्न वर्षे पुरी होण्यापूर्वीच, ते निवर्तले. एवढ्या अवधीत त्यांनी असंख्य कथाचित्रे व मुखपृष्ठे काढिली. १९५०च्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या बाबासाहेब पुरंदरे यांच्या ‘राजा शिवछत्रपती’ या ग्रंथातील चित्रेही त्यांचीच.

छापील पानाची ही भिंत वाटते तितकी सोपी नव्हे. त्या काळी शाईने काढलेल्या चित्राचे छायाचित्र जस्ताच्या पत्र्यावर उतरवीत, रेषांवाचून उरलेला भाग आम्लाने खाववीत आणि पत्रा लाकडावर ठोकून त्याचा ठसा करीत. रंगीत चित्रास पिवळा, तांबडा, निळा आणि बहुधा काळा, असे निरनिराळे ठसे लागत. एकच कागद तितक्या वेळा यंत्राखालून जाई. एखादा ठसा किंचित सरकला, तर चेहऱ्याचा रंग फेट्यावर चढे. खरबरीत कागदावर बारीक रेषा शाईने बुजून जात. म्हणून थोड्याच, पण ठाम रेषांत पुष्कळ सांगणे चित्रकारास भाग पडे. दलालांची कुंचल्याची वेगवान व निश्चयी रेषा या जाचातच घोटली गेली, असे म्हणावयास हरकत नाही.

ऐतिहासिक प्रसंग काढताना याहूनही मोठी अडचण उभी राहते. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजाचेच उदाहरण घ्या. लखुजी जाधवरावांच्या वाड्यात रंगपंचमीच्या दिवशी लहानग्या जिजाऊंनी व शहाजीराजांनी एकमेकांवर रंग उधळला, असे परंपरा सांगते. हा प्रसंग चित्रकाराने काढावा कसा? वाड्याचे भक्कम दगडी महाद्वार आजही उभे आहे. ते त्याने प्रत्यक्ष पाहावे. पागोटी, अंगरखे, दागिने यांसाठी दख्खनी व मोगल लघुचित्रे धुंडाळावी. परंतु जिजाऊंचा चेहरा? तेथे कल्पनेवाचून गती नाही.

खुद्द शिवछत्रपतींच्या बाबतीतही असेच घडले होते. इब्राहिमखान नावाच्या एका सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून दीर्घकाळ छापले जात होते. १९३३ साली इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच ग्रंथकार व्हॅलेंटाइन याच्या ग्रंथाच्या आधारे महाराजांचे विश्वसनीय चित्र पुढे आणिले, तेव्हा ती चूक उघड झाली. एका चुकीच्या चित्राने एवढ्या लोकांच्या मनात परका चेहरा बसविला! चुकीचे वाक्य खोडता येते. मनात बसलेले चित्र खोडणे महाकठीण.

यास्तव ऐतिहासिक चित्रकारास मी इतिहासाचा दुसरा शिक्षक मानतो. शिक्षकावर जशी विद्यार्थ्याने श्रद्धा ठेवावी आणि शंकाही विचाराव्या, तसेच वर्तन चित्राशीही असावे. घरात मुले असे चित्र पाहू लागली, म्हणजे त्यांस तीन प्रश्न विचारावे: यातील कोणती वस्तू आजही पाहावयास मिळते? कशास जुना आधार आहे? आणि कोणता भाग चित्रकाराच्या मनातला आहे? या तिसऱ्या प्रश्नाने चित्राची किंमत मुळीच उणी होत नाही. उलट आधार संपतो तेथे चित्रकाराने किती संयमाने पाऊल टाकिले, हे मुलांस कळू लागते.

एक विनंती करून रजा घेतो. दिवाळी सरली, की अंक रद्दीत जातात. चित्रशाळेतील चित्रास चौकट व पहारा लाभतो. मासिकातील चित्रास आपल्या घरातील फडताळाखेरीज दुसरे आश्रयस्थान नाही. जुने अंक असतील, तर ते बांधून ठेवावे, अथवा जवळच्या वाचनालयास द्यावे. आणि देण्यापूर्वी चित्राच्या कोपऱ्यातील सही एकवार वाचावी. ज्याने आपल्या पूर्वजांस आपल्यासाठी रूप दिले, त्याचे नाव तरी आपल्या मुलांस ठाऊक असावे.